वारूळ कोणाचे?

आपल्या शाळेच्या मैदानापलीकडे, जिथे काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू होतो, तिथे एका बाभळीच्या बुंध्याशी मोठे वारूळ आहे. या शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते आठवत असेल. 'तिकडे जायचे नाही' अशी ताकीद वसतिगृहात पहिल्याच दिवशी मिळते आणि पहिल्याच रविवारी प्रत्येक मूल तिकडे जाऊन येते. नागपंचमीला शेजारच्या गावातील आयाबाया दूध, लाह्या आणि हळदीकुंकू घेऊन तिथे येतात. आपली मुले कुंपणापाशी उभी राहून पाहतात.

गेल्या श्रावणात सातवीतील एका मुलीने वर्गात विचारले, "सर, ते वारूळ नागाचं आहे की मुंग्यांचं?" मी म्हणालो, "दोघांचंही नाही." "मग कुणाचं?" या तिच्या दुसऱ्या प्रश्नाला मी त्या तासाला दिलेले उत्तर अपुरे होते. मी इतिहासाचा शिक्षक, कीटकशास्त्राचा नव्हे. नंतर पुष्कळ वाचले, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, आणि लक्षात आले की हा प्रश्न इतिहासाचाही आहे. बांधले कोणी, राहिला कोण आणि पूजा कोणाची झाली, हे तीन प्रश्न वेगवेगळे असतात. आपल्या समाजाने ते तीनही प्रश्न शतकानुशतके अंगावर सोसले आहेत. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मुलीला पूर्ण उत्तर द्यावे असे वाटले.

वारूळ बांधते ती वाळवी. तिला काही भागांत उधई म्हणतात. इंग्रजांनी तिला पांढरी मुंगी म्हटले आणि आपणही मुंग्यांचे वारूळ म्हणत राहिलो; परंतु मुंगीचे नाते गांधीलमाशी आणि मधमाशीशी, तर वाळवीचे नाते झुरळाशी आहे. दख्खनच्या पठारावर उंच, कडेला उभ्या घड्या असलेली वारुळे रचणाऱ्या वाळवीचे शास्त्रीय नाव ओडोंटोटर्मिस ओबेसस. तिचा कामकरी अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा, मऊ अंगाचा आणि आंधळा असतो. ऊन त्याला सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही. असा हा जीव ओल्या मातीचा एकेक कण तोंडात घेतो, त्यात आपली लाळ मिसळतो आणि कणावर कण ठेवत माणसाच्या उंचीची वास्तू उभी करतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा मातीची ताकद मोजली, तेव्हा साध्या मातीपेक्षा ती कित्येक पटींनी अधिक भरली. आपल्याकडच्या जुन्या बाया चूल घालण्यासाठी वारुळाची माती का आणत, याचे उत्तर प्रयोगशाळेने असे उशिरा दिले.

वास्तूच्या पोटात काय असते? तळाशी राणीची खोली. राणी माणसाच्या बोटाएवढी वाढते आणि दिवसाला हजारो अंडी घालते. तिच्याजवळ राजा जन्मभर राहतो. मधमाश्यांतील नराप्रमाणे तो मीलनानंतर मरत नाही. भोवती बुरशीच्या बागा असतात. वाळवी लाकूड, पालापाचोळा, वाळलेले शेण खाते हे आपण जाणतो, पण या जातीच्या वाळवीला ते नीट पचत नाही. म्हणून ती चघळलेल्या लगद्याचे स्पंजासारखे थर रचते, त्यावर विशिष्ट बुरशी वाढवते आणि बुरशीने मऊ केलेले अन्न खाते. पावसाळ्यात काही वारुळांवर जी अळंबी उगवते ती याच बागेची. माणसाला शेती करू लागून दहा-बारा हजार वर्षे झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे.

या बागेला हवा लागते, ओल लागते आणि लाखो जीवांच्या श्वासातून साचणारा दूषित वायू बाहेर जावा लागतो. बाहेर तर एकही मोठी खिडकी दिसत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, बंगळुरू परिसरातील वारुळांवर केलेल्या अभ्यासातून याचा उलगडा झाला. वारुळाच्या बाहेरच्या घड्या पातळ असतात, मधला भाग जाड. दिवसा घड्या लवकर तापतात, त्यांतील हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री घड्या आधी थंड होतात आणि प्रवाह उलटा फिरतो. दिवसभर साचलेला वायू मुख्यतः रात्री भिंतींच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील फरकावर चालणारे हे फुफ्फुस आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ साली मिक पिअर्स या वास्तुरचनाकाराने वाळवीच्या वारुळापासून प्रेरणा घेऊन वातानुकूलन यंत्रणेवर फारसे अवलंबून नसलेली ईस्टगेट ही मोठी इमारत बांधली. ज्या परभणीत वैशाखात पत्र्याखाली बसवत नाही, तिथल्या बांधकामांनीही या कारागिराकडे पाहायला हरकत नाही.

आणि हे सारे रचताना मुकादम कोणी नसतो. राणी हुकूम देत नाही. ती अंडी घालते, एवढेच. पियेर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ साली दाखवून दिले की एका कामकऱ्याने ठेवलेला मातीचा गोळाच दुसऱ्याला पुढचा गोळा कोठे ठेवायचा हे सुचवतो. झालेले काम पुढच्या कामाला बोलावते.

आता नागाकडे येऊ. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्या आज्यांच्या तोंडी होती. नाग बीळ खणत नाही, वारूळ बांधत नाही. ओसाड पडलेल्या किंवा उंदराघुशींनी पोखरलेल्या वारुळात गारवा आणि भक्ष्य मिळते म्हणून तो शिरतो. त्यात नागाचा काही दोष नाही. तो दूध पीत नाही, पूजाही मागत नाही. उलट उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवतो. शिवाय नाग या नावाशी आपले नाते जुने आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी तीच भूमी का निवडली याचे कारण सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा उल्लेख केला होता. तेव्हा माझी तक्रार नागाबद्दल नाही. आपल्या नजरेबद्दल आहे. लाखो आंधळ्या जीवांनी बांधलेल्या घरासमोर उभे राहून आपण फक्त त्यात फणा दिसतो का ते पाहतो.

ही नजर खेड्यातच असते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत युजीन मरै नावाच्या लेखकाने वर्षानुवर्षे वाळवीचे निरीक्षण करून आफ्रिकान्स भाषेत लेख लिहिले. १९२६ साली नोबेल पारितोषिक विजेते बेल्जियन साहित्यिक मॉरिस मेटरलिंक यांचे वाळवीवरील पुस्तक आले आणि जगभर गाजले. मरैची मध्यवर्ती कल्पना त्यात उचलली आहे, असा आरोप झाला. लहान भाषेत लिहिणाऱ्या माणसाचे श्रम मोठ्या नावाखाली गेले, ही वाळवीच्याच पुस्तकाची कथा आहे.

येथे एका धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात एका वक्त्याने मुंग्या आणि वाळवी यांचे उदाहरण देऊन सांगितले की, "निसर्गातच प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले आहे, समाजातही तसेच असावे." श्रोत्यांत आपले माजी विद्यार्थी होते. टाळ्या पडल्या, याचे मला वाईट वाटले. कीटकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत राणी, सैनिक आणि कामकरी या गटांना 'कास्ट' असाच शब्द वापरतात, त्यामुळे असा युक्तिवाद करणाऱ्यांचे आयतेच फावते. परंतु तो शब्द माणसांच्या समाजातून किड्यांवर लादलेला आहे, किड्यांकडून आलेला नाही. वाळवीत अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पुढे कामकरी होईल की सैनिक, यात आहाराचा, वसाहतीच्या गरजेचा आणि रासायनिक संकेतांचा मोठा वाटा असतो. कामकरी आणि सैनिक एकाच आईबापांची लेकरे असतात. एकमेकांच्या तोंडचा घास खातात. तिथे कोणाच्या स्पर्शाने कोणी बाटत नाही, कोणाचा पाणवठा वेगळा नसतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहार' या भाषणात जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे हे दाखवून दिले. वाळवीत श्रमाची विभागणी आहे, श्रमिकांची उतरंड नाही. आणि समजा असती, तरी माणसाने ती का घ्यावी? वाळवी तीन कोटी वर्षे तेच वारूळ बांधते आहे. माणूस मात्र एका पिढीत शेतमजुराच्या खोपटातून विद्यापीठाच्या पायरीपर्यंत जातो. या शाळेने ते शेकडो वेळा पाहिले आहे. निसर्गाकडून शिकावे, पण निसर्गाच्या नावाखाली कोणी आपल्याला पुन्हा जागेवर बसवत असेल, तर तेही ओळखावे.

तथागतांनी वारुळाचे उदाहरण कसे वापरले, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मज्झिम निकायात 'वम्मिक सुत्त' आहे. वम्मिक म्हणजे वारूळ. श्रावस्तीजवळच्या अंधवनात कुमार कस्सप या भिक्खूला रात्री एक कोडे घातले जाते. एक वारूळ आहे. ते रात्री धुमसते आणि दिवसा पेटते. एक ब्राह्मण आपल्या शिष्याला शस्त्र घेऊन ते खणायला सांगतो. खणता खणता अडसर, बेडूक, दुभंगलेली वाट, गाळणी, कासव, खाटकाची सुरी, मांसाचा तुकडा अशा वस्तू निघतात. प्रत्येक वेळी ती फेकून पुढे खणण्याची आज्ञा होते. शेवटी नाग सापडतो, तेव्हा मात्र त्याला धक्का न लावता वंदन करण्यास सांगितले जाते. कोड्याचा उलगडा तथागत करतात. वारूळ म्हणजे चार महाभूतांचे हे शरीर. दिवसभराच्या कामांचा रात्री विचार करणे हे धुमसणे, आणि रात्री केलेल्या विचारांप्रमाणे दिवसा कृती करणे हे पेटणे. खणणारा तो शिकणारा भिक्खू, शस्त्र म्हणजे प्रज्ञा, खणणे म्हणजे वीर्य. अविद्या, क्रोध, शंका, पाच नीवरणे, पाच उपादानस्कंध, कामभोग आणि आसक्ती बाहेर काढल्यावर जो उरतो तो नाग म्हणजे आस्रव क्षीण झालेला अर्हत.

बंगळुरूच्या अभ्यासातही वारूळ रात्री उच्छ्वास सोडते असे दिसले, हे वाचून मी क्षणभर थबकलो. पण म्हणून सुत्तात आधुनिक विज्ञान सांगितले आहे, असे आपण म्हणू नये. पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्याची सवय इतरांना लखलाभ असो. सुत्तातील रूपक मनाविषयी आहे, आणि तेवढ्यानेच ते मोठे आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यातील आज्ञा. एका प्रसिद्ध कथेत तपस्वी इतका निश्चल बसतो की त्याच्यावर वारूळ चढते. वम्मिक सुत्तात वारुळासमोर उभ्या असलेल्या माणसाला सांगितले जाते की शस्त्र घे आणि खण. दुरून हात जोडायला कोणी सांगत नाही. वंदन आहे, पण ते खणल्यानंतर, काय सापडले हे ओळखल्यानंतर.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या उपासक-उपासिकांना अधिक परिचित आहे. तिथेही वारूळ येते. सदाचरणी गृहस्थाची संपत्ती मधमाशीने मध गोळा करावा तशी जमते आणि वारूळ वाढावे तशी वाढते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मग तिचे चार वाटे सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी शिल्लक. कण साठत गेले की काय होते, याचे आजचे उदाहरण ब्राझीलच्या ईशान्य भागात आहे. तिथल्या काटेरी रानात वाळवीने उभारलेले सुमारे २० कोटी ढीग असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक ढीग साधारण अडीच मीटर उंच. तपासलेल्या ढिगांपैकी सर्वांत जुना सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला वस्ती होती त्या काळातला. आणि ती घरेही नव्हेत. जमिनीखाली बोगदे खणताना बाहेर टाकलेल्या मातीचे ते ढीग आहेत.

आपली शाळा अशीच उभी राहिली. पहिल्या खोल्यांसाठी कोणा धनवंताची थैली आली नव्हती. सालगड्यांनी दिलेला एका दिवसाचा रोज, बायांनी गावोगाव मागून आणलेली पायली-पायली ज्वारी, सुट्टीत गवंड्याच्या हाताखाली राबलेली मोठ्या वर्गातील मुले, यांतून या भिंती चढल्या. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण या साऱ्याची नोंद असलेली एक वही मी तरुण शिक्षक असताना पाहिली होती.

आज ती वही नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे काढावीत म्हणून आम्ही मागच्या खोलीतील लाकडी कपाट उघडले. पुठ्ठे जागच्या जागी होते. हात लावताच ते खाली बसले. आत कागद नव्हता, मातीचे थर होते. देणगीची वही गेली, पहिल्या काही वर्षांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर अर्धे गेले, बांधकामाच्या हजेऱ्या गेल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या भिंतीवर वाळवीची मातीची बारीक नळी मी स्वतः पाहिली होती. हाताने झाडून टाकली आणि तासाला गेलो. नळी झाडल्याने वाळवी जात नाही. ती जमिनीखालून दुसरी वाट काढते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणता येईल, पण विचारायला हवे होते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या संस्थेचा इतिहास खाल्ला गेला, याची जबाबदारी मी कोणावर ढकलू?

नुकसान भावनेपुरते नाही. त्यानंतर काही दिवसांनी एक माजी विद्यार्थी मुलीच्या जात पडताळणीसाठी स्वतःचा निर्गम उतारा मागायला आले. त्यांचे पान गेलेल्या भागात होते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या पुष्कळ नोंदी उर्दूत आहेत. जमीन नसलेल्या, शाळेत न बसवलेल्या माणसांची नावे त्यांतही थोडीच. ज्यांच्याकडे मुळातच कागद कमी, त्यांचा एकेक कागद शंभर कागदांच्या मोलाचा असतो. बाबासाहेबांचे कितीतरी अप्रकाशित लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध करायला सुरुवात केली, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. त्या पेट्यांना वाळवी लागली असती तर आपण काय गमावले असते, याची कल्पनाच करावी.

आपल्या धम्मपरंपरेने बांधणाऱ्याचे नाव जपले आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले, हे तिथल्या शिलालेखात आहे. कुडा येथील लेण्यांत माळ्याचे दान कोरलेले आहे. सांचीच्या तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याची नोंद त्या तोरणावरच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सुतार, माळी आणि कारागीर यांची नावे राजांच्या नावांशेजारी दगडावर आली. आपण मात्र आपल्या आयाबायांची नावे भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात ठेवली.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. वाळवीचा द्वेष करून काही साधणार नाही. माळावर ती पालापाचोळा कुजवते, जमीन पोखरून पाणी मुरवते. तिथे तिला राहू द्यावे. मुलांना तिथे न्यावे, पूजेला नव्हे आणि मोडायलाही नव्हे, निरीक्षणाला. कार्यालयात मात्र तिच्याशी तडजोड नको. कागदपत्रे लोखंडी कपाटात, भिंतीपासून आणि जमिनीपासून अंतर राखून ठेवावीत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक कपाट रिकामे करून पाहावे. मातीची नळी दिसली तर त्याच दिवशी जाणकाराला बोलवावे. उरलेल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. हे काम मी निवृत्तीपूर्वी पूर्ण करणार आहे.

गेलेली वही परत मिळणार नाही, पण ती पुन्हा लिहिता येईल. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या आईने, आजोबांनी, गल्लीतल्या कोणी या शाळेसाठी काय दिले, किती दिवस माती वाहिली, हे तुमच्या घरात अजून कोणाला तरी आठवत असेल. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि नाव, गाव आणि काम एवढे एका कागदावर लिहून शाळेत आणून द्या. जुने पत्र, पावती, छायाचित्र असेल तर मूळ प्रत तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला नक्कल द्या. पुरेशी नावे जमली की ती प्रवेशद्वाराशी दगडावर कोरावीत, असा प्रस्ताव मी संस्थेपुढे ठेवणार आहे. माणसे मात्र थांबणार नाहीत. पहिल्या भिंतीची माती वाहणाऱ्यांपैकी आता मोजकेच उरले आहेत.

सातवीतली ती मुलगी पुढच्या वर्षी आठवीत असेल. वारूळ कोणाचे, हे तिला आता सांगता येईल. शाळा कोणाची, असे तिने विचारले तर मला तिला द्वाराशी नेऊन नावे वाचायला सांगायचे आहे.